विश्लेषण : करकपातीची ‘प्रयोगशाळा’ ठरलेले कॅन्सस… काय होता गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांचा प्रयोग आणि तो स्वपक्षीयांनीच का गुंडाळला?

६ जून २०१७ च्या रात्री अमेरिकेतील कॅन्सस राज्याची राजधानी टोपेका येथे एक वेगळेच मतदान झाले. गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक रिपब्लिकन पक्षाचे. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत त्याच पक्षाचे भक्कम बहुमत. तरीही या विधिमंडळाने गव्हर्नरांचा व्हेटो धुडकावून कर वाढवले आणि पाच वर्षांपूर्वी ब्राउनबॅक यांनी गाजावाजा करत आणलेली करकपात मोडीत काढली. व्हेटो मोडायला दोन तृतीयांश मते लागतात. ४० सदस्यांच्या सिनेटमध्ये हा आकडा होतो २७. मते पडली बरोबर २७. एक जरी सदस्य फिरला असता तर विधेयक तिथेच संपले असते.

‘कर कमी करा, उद्योग वाढतील, नोकऱ्या येतील आणि तिजोरी आपोआप भरेल’ हा युक्तिवाद आपल्यालाही नवा नाही. मात्र एका अख्ख्या राज्यावर तो इतक्या स्वच्छपणे लागू झाल्याचे उदाहरण क्वचितच सापडते. म्हणूनच अमेरिकेत कुठेही करकपातीची चर्चा सुरू झाली की कोणी ना कोणी ‘कॅन्सस आठवा’ असे म्हणतेच. नेमके काय आठवायचे, ते पाहू.

गव्हर्नर म्हणजे राज्यपाल?

शब्दकोशाप्रमाणे हो, कामाप्रमाणे नाही. अमेरिकेतील गव्हर्नर थेट लोकांमधून चार वर्षांसाठी निवडून येतो, अर्थसंकल्प मांडतो, प्रशासन चालवतो. आपल्याकडील मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारे हे पद आहे, पण त्याला विधिमंडळात बहुमत सिद्ध करावे लागत नाही आणि विधेयके रोखण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. त्यामुळे या लेखात ‘राज्यपाल’ हा शब्द टाळला आहे.

कॅन्सस हे अमेरिकेच्या मधोमध वसलेले, गहू आणि गोमांसासाठी ओळखले जाणारे राज्य. लोकसंख्या सुमारे २९ लाख, म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमी. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशांहून अधिक. राजकारण दीर्घकाळ रिपब्लिकन, पण ते दोन तऱ्हांचे : एक मवाळ, शाळा-रस्त्यांवर खर्च करायला तयार असलेला गट आणि दुसरा करविरोधी, धार्मिक-परंपरावादी गट. ब्राउनबॅक यांची सगळी कारकीर्द या दोन गटांच्या झगड्यात घडली.

ब्राउनबॅक आणि पोखरण यांचा काय संबंध?

ब्राउनबॅक यांचा जन्म १९५६ चा. पार्कर या छोट्या गावाजवळ त्यांच्या कुटुंबाची शेती. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीतून कृषी अर्थशास्त्राची आणि नंतर कॅन्सस विद्यापीठातून कायद्याची पदवी. तिशीतच ते राज्याचे कृषी सचिव झाले. १९९४ मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात निवडून आले आणि १९९६ मध्ये बॉब डोल यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सोडलेली सिनेटची जागा त्यांनी मिळवली. त्यासाठी प्रायमरीत त्यांनी ज्यांना हरवले त्या शीला फ्रॅम मवाळ गटाच्या होत्या.

भारताने मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या केल्यावर अमेरिकेने भारतावर आणि पाठोपाठ पाकिस्तानवर कायद्यानुसार आर्थिक निर्बंध लादले. तेव्हा सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीतील दक्षिण आशियाविषयक उपसमितीचे अध्यक्ष होते ब्राउनबॅक. निर्बंध शिथिल करण्याची मुभा अध्यक्षांना देणारी तरतूद त्यांच्या पुढाकाराने संमत झाली. १९९८ मध्ये एका वर्षासाठी आणि १९९९ मध्ये बेमुदत. दिल्लीतील मुत्सद्दी वर्तुळात ‘ब्राउनबॅक दुरुस्ती’ हे नाव त्या काळी सर्वतोमुखी होते. यामागे भारतप्रेमापेक्षा अमेरिकी व्यापाराची आणि शेतमालाच्या निर्यातीची काळजी जास्त होती, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही. शेतकरी राज्याचा सिनेटर दुसरे काय करणार?

२००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी त्यांनी उमेदवारी जाहीर केली, पण पहिले मतदान होण्याआधीच, ऑक्टोबर २००७ मध्ये माघार घेतली. सिनेटमध्ये दोनच पूर्ण मुदती राहीन हा शब्द पाळून त्यांनी २०१० मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि ६३ टक्के मते घेऊन जिंकली. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. राज्य मंदीतून नुकते सावरत होते.

प्रयोग नेमका काय होता?

अमेरिकेत केंद्राचा प्राप्तिकर वेगळा आणि बहुतेक राज्यांचा स्वतःचा प्राप्तिकर वेगळा. कॅन्ससचा सर्वोच्च दर होता ६.४५ टक्के. २२ मे २०१२ रोजी ब्राउनबॅक यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने तो ४.९ टक्क्यांवर आणला. तीन टप्प्यांचे दोन टप्पे झाले. पुढच्या वर्षी आणखी कपात ठरवण्यात आली आणि प्राप्तिकर हळूहळू शून्यावर नेण्याचे उद्दिष्ट त्यांनी उघडपणे सांगितले.

पण खरा धाडसी भाग दुसरा होता. अमेरिकेत बहुतेक लहान-मध्यम व्यवसायांना कंपनी म्हणून वेगळा प्राप्तिकर भरावा लागत नाही. नफा थेट मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात येतो आणि तिथे त्यावर कर लागतो. आपल्याकडे एकल मालकीचा दुकानदार धंद्याचा नफा स्वतःच्याच विवरणपत्रात दाखवतो, तसेच काहीसे. तिथे यात शेतकरी, डॉक्टरांचे दवाखाने, वकिलांच्या भागीदारी संस्था आणि एलएलसी या प्रकारातील लाखो व्यवसाय येतात. कॅन्ससने या संपूर्ण उत्पन्नावरचा राज्याचा कर शून्य केला. कमी नव्हे, शून्य.

या योजनेसाठी सल्लागार म्हणून नेमले होते आर्थर लॅफर. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘लॅफर वक्र’ ज्यांनी वाचला असेल त्यांना हे नाव माहीत असेल. कराचा दर शून्य असला तर महसूल शून्य, शंभर टक्के असला तरी शून्य, कारण मग कोणी कमावणारच नाही. मध्ये कुठेतरी महसुलाचा कमाल बिंदू आहे आणि तुम्ही त्या बिंदूच्या पलीकडे असाल तर दर घटवल्याने महसूल वाढतो. गणित म्हणून यात खोट काढता येत नाही. प्रश्न एवढाच की आपण वक्रावर नेमके कुठे उभे आहोत. साडेसहा टक्के दर असलेले राज्य त्या शिखराच्या पलीकडे असेल, हे मानायला बराच विश्वास लागतो.

तो ब्राउनबॅक यांच्याकडे होता. करकपात म्हणजे राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या हृदयाला दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन ठरेल, असे त्यांनी २०१२ च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रातील लेखात लिहिले. एका दूरचित्रवाणी मुलाखतीत तर त्यांनी याला ‘जिवंत प्रयोग’ म्हटले. ‘प्रयोग’ हा शब्द विरोधकांनी नव्हे, त्यांनी स्वतःच वापरला होता. पुढे तोच त्यांच्या नावाला चिकटला.

विधेयक अनवधानाने मंजूर झाले का?

ही या कहाणीतील सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. ब्राउनबॅक यांच्या मूळ योजनेत कपातीबरोबर भरपाईचीही सोय होती : गृहकर्जाच्या व्याजावरील वजावटीसारख्या अनेक सवलती रद्द करायच्या आणि मंदीच्या काळात तात्पुरता वाढवलेला विक्रीकर तसाच चालू ठेवायचा. पण घरमालक असोत की धर्मादाय संस्था, सवलत गेलेली कोणालाच नको होती. विधिमंडळात एकेक भरपाई गळत गेली आणि कपात तेवढी उरली.

सिनेटमध्ये तेव्हा मवाळ रिपब्लिकनांचा वरचष्मा होता. तिथे विधेयक आधी २०-२० अशा बरोबरीने पडले. मग वाटाघाटी सुरू राहाव्यात, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत ते सुधारून घेता येईल, अशा समजुतीने ते पुन्हा मतदानाला आणून मंजूर करण्यात आले. ती समिती झालीच नाही. परंपरावाद्यांच्या ताब्यातील प्रतिनिधीगृहाने सिनेटचा मसुदा जसाच्या तसा उचलून मंजूर केला आणि गव्हर्नरांकडे पाठवला. त्यांनी सही केली.

विधिमंडळाच्या संशोधन विभागाचा अंदाज तेव्हाच आला होता : सहा वर्षांत एकत्रित तूट सुमारे २५० कोटी डॉलरवर जाईल. त्या वेळी राज्याचा सर्वसाधारण निधीतून होणारा वार्षिक खर्च ६०० कोटी डॉलरच्या आसपास होता, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्याचे वजन कळते. गव्हर्नरांचे उत्तर होते की वाढ ही तूट भरून काढेल. त्याच ऑगस्टमध्ये झालेल्या प्रायमरीत सिनेट अध्यक्ष स्टीव्ह मॉरिस यांच्यासह मवाळ गटाचे बहुतेक शिलेदार पराभूत झाले. ब्राउनबॅक यांनी आपल्याच पक्षाच्या या आमदारांविरुद्ध उघड भूमिका घेतली होती. आता अडवणारे कोणीच उरले नाही.

शून्य कराच्या दाराने कोण आत आले?

व्यावसायिक उत्पन्नाच्या सवलतीचा लाभ सुमारे १ लाख ९१ हजार व्यवसाय घेतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ३ लाख ३० हजारांहून अधिकांनी घेतला. एवढे नवे उद्योग उभे राहिले असते तर कॅन्ससने उत्सवच केला असता. पण झाले ते वेगळेच.

एकाच इमारतीतील एका वकिली संस्थेचे उदाहरण घ्या. स्वागतकक्षात बसणारी कर्मचारी पगारावर राज्याचा कर भरते. तिथले भागीदार नफ्यावर शून्य कर भरतात. आता तुम्ही पगारदार तज्ज्ञ असाल आणि मालकाने तुम्हाला सांगितले की उद्यापासून तुम्ही स्वतःची एलएलसी काढा आणि त्या नावाने बिल द्या, तर काम तेच, खुर्ची तीच, पण कर गायब. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकांची बरीचशी कमाई अशाच एका कंपनीमार्फत जात असल्याचे २०१६ मध्ये स्थानिक सार्वजनिक नभोवाणीने दाखवून दिले, तेव्हा ही सवलत सामान्य माणसाला एकदम समजली. यात बेकायदा काही नव्हते. कायदाच तसा होता.

२०१९ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी करविवरणपत्रांच्या आधारे केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्पन्नाचे वर्गीकरण बदलून कर वाचवणे हाच कॅन्ससमधील प्रमुख परिणाम होता, प्रत्यक्ष गुंतवणूक किंवा रोजगार वाढल्याच्या खुणा फारशा दिसत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण समजायला अवघड नाही. एका माणसाची प्लंबिंग सेवा कर वाचल्याने वर्षाला काही हजार डॉलर अधिक मिळवेल, पण तेवढ्यात दुसरा माणूस नोकरीला ठेवता येत नाही आणि नळ गळणाऱ्यांची संख्याही वाढत नाही.

भूगोलाचीही एक गंमत आहे. कॅन्सस सिटी या महानगराचा मोठा भाग शेजारच्या मिझुरी राज्यात आहे. सीमा म्हणजे एक रस्ता. कार्यालय रस्त्याच्या या बाजूचे त्या बाजूला नेले की एका राज्यात ‘नवे रोजगार’ मोजले जातात. दोन्ही राज्ये एकमेकांचे उद्योग सवलती देऊन पळवत होती. देशाच्या हिशेबात मात्र भर पडत नव्हती.

तिजोरीचे काय झाले?

वैयक्तिक प्राप्तिकराची वसुली २०१३ च्या आर्थिक वर्षात सुमारे २९३ कोटी डॉलर होती. २०१४ मध्ये ती २२२ कोटींवर आली. एका वर्षात ७० कोटींची घट. यातील काही भाग करकपातीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०१३ पासून केंद्राचे कर वाढणार असल्याने अनेक श्रीमंतांनी आदल्या वर्षीच समभाग विकून नफा पदरात पाडून घेतला होता, त्यामुळे इतर राज्यांनाही त्या वर्षी धक्का बसला. फरक असा की इतर राज्ये सावरली. कॅन्ससची वसुली महिनोन् महिने अंदाजाच्या खालीच राहिली.

केंद्र सरकारने अशी कपात केली तर ते कर्ज काढून दहा वर्षे वाढीची वाट पाहू शकते. कॅन्ससला ती सोय नाही. राज्याला दरवर्षी जमाखर्च जुळवावाच लागतो, दैनंदिन खर्चासाठी तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. म्हणजे प्रयोगाचा निकाल लागायला दशक लागणार असेल तर हिशेब मात्र दर जूनअखेर द्यायचा. माझ्या मते कॅन्ससचा प्रयोग लॅफर वक्रावर फसण्याआधी या साध्या वेळापत्रकावर फसला.

मग शोधाशोध सुरू झाली. सुरुवातीची सुमारे ७० कोटी डॉलरची शिल्लक संपली. महामार्ग विभागाच्या निधीतून इतक्या वेळा पैसे उचलले गेले की त्या विभागाला लोक ‘बँक’ म्हणू लागले. निवृत्तिवेतन निधीसाठी २०१५ मध्ये १०० कोटी डॉलरचे रोखे काढले आणि पुढच्याच वर्षी त्या निधीत भरायचा हप्ता लांबणीवर टाकला. मूडीजने २०१४ मध्ये राज्याचे पतमानांकन घटवले. स्टँडर्ड अँड पूअर्सने त्याच वर्षी एकदा आणि २०१६ मध्ये पुन्हा.

प्राप्तिकर कमी झाला, पण दुसऱ्या खिशातून पैसे गेले. खाली यायचा होता तो विक्रीकर २०१५ मध्ये ६.५ टक्के करण्यात आला, सिगारेटवरील करही वाढला. कॅन्ससमध्ये तेव्हा दूध, पाव, भाजी या किराण्यावरही पूर्ण दराने विक्रीकर लागत असे. २०१२ च्या कायद्याने गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या काही सवलतीही काढल्या होत्या. परिणामी सर्वांत कमी उत्पन्न असलेल्यांवरचा एकूण करभार उलट वाढला. रोजच्या किराण्याचे बिल पाहून ज्याला हे कळले, त्याला लॅफर कोण हे माहीत असण्याची गरज नव्हती.

शाळांचा प्रश्न न्यायालयात का गेला?

कॅन्ससच्या राज्यघटनेत शिक्षणासाठी ‘योग्य’ निधी देण्याची जबाबदारी विधिमंडळावर टाकलेली आहे. मंदीत कापलेला निधी परत न मिळाल्याने काही शाळा जिल्ह्यांनी आणि पालकांनी २०१० मध्ये, म्हणजे ब्राउनबॅक येण्याआधीच, दावा दाखल केला होता. ‘गॅनन’ या नावाने तो ओळखला जातो. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब आणि श्रीमंत जिल्ह्यांतील निधीवाटप विषम असल्याचा निकाल दिला. २०१५ मध्ये निधीवाटपाचे जुने सूत्रच रद्द करून ठोक अनुदान सुरू करण्यात आले. त्या वर्षी पैसे पुरणार नाहीत म्हणून काही ग्रामीण जिल्ह्यांनी शाळा ठरल्यापेक्षा आधी बंद केल्या. मे महिन्यातच मुले घरी.

२०१६ मध्ये न्यायालयाने ३० जूनची मुदत दिली : विषमता दूर करा, नाहीतर शाळांवर खर्च करता येणार नाही. विशेष अधिवेशन बोलावून ३.८ कोटी डॉलरची तजवीज झाली आणि शाळा वाचल्या. मार्च २०१७ मध्ये पुन्हा निकाल आला, या वेळी एकूण निधीच अपुरा असल्याचा. राज्यातील सुमारे चौथाई विद्यार्थी वाचन आणि गणिताच्या मूलभूत पातळीलाही पोहोचत नाहीत, याकडे न्यायालयाने बोट दाखवले.

गव्हर्नर आणि न्यायालय यांच्यातील ताण यामुळे टोकाला गेला. अपील न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक स्वतंत्र समितीच्या शिफारशीऐवजी गव्हर्नरांच्या मर्जीवर आणणारा कायदा २०१३ मध्ये झालाच होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील पाच न्यायमूर्तींना पदावर ठेवायचे की नाही यावर जनतेचे मतदान झाले. त्यांपैकी चौघांविरुद्ध परंपरावाद्यांनी जोरदार मोहीम चालवली. पाचही जण राहिले.

करांपलीकडे ब्राउनबॅक यांनी काय केले?

बरेच काही. मेडिकेड ही गरिबांसाठीची आरोग्य योजना २०१३ पासून तीन खासगी कंपन्यांकडे सोपवली. ओबामा यांच्या आरोग्य कायद्यानुसार मेडिकेडची व्याप्ती वाढवणारे विधेयक विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केले, ते त्यांनी व्हेटोने रोखले आणि तो व्हेटो टिकला. गर्भपातावर निर्बंध आणणाऱ्या अनेक कायद्यांवर त्यांच्या सह्या आहेत. परवान्याशिवाय लपवून बंदूक बाळगण्याची मुभा २०१५ मध्ये मिळाली. समलैंगिक राज्य कर्मचाऱ्यांना भेदभावापासून असलेले संरक्षण त्याच वर्षी आदेश काढून मागे घेतले. सत्तेवर येताच कला आयोगाचा निधी बंद केला.

एका बाबतीत मात्र त्यांच्या टीकाकारांनीही त्यांना श्रेय दिले पाहिजे : पाणी. पश्चिम कॅन्ससची शेती ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्यावर उभी आहे आणि तो झपाट्याने आटतो आहे. तिथल्या जुन्या कायद्यात एक अजब नियम होता. मंजूर कोटा वापरला नाही तर हक्क जाण्याची भीती. म्हणजे पाणी वाचवणाऱ्यालाच शिक्षा. २०१२ मध्ये हा नियम रद्द झाला. शेतकऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन उपसा कमी करण्याची योजना आखावी आणि राज्याने तिला कायद्याचे बळ द्यावे, अशी तरतूदही त्याच वर्षी झाली. शेरिडन भागातील शेतकऱ्यांनी पाच वर्षांसाठी सुमारे २० टक्के उपसा कमी करण्याचे मान्य केले आणि पाळले. कृषी सचिव राहिलेला माणूस इथे दिसतो. हा छोटा, स्थानिक, मोजता येणारा प्रयोग होता. दुर्दैवाने त्याची आठवण कोणी काढत नाही.

भारतीयांच्या स्मरणात मात्र फेब्रुवारी २०१७ आहे. ओलेथी शहरातील एका बारमध्ये वांशिक द्वेषातून झालेल्या गोळीबारात एका भारतीय अभियंत्याचा मृत्यू झाला, त्याचा मित्र जखमी झाला. अमेरिकेला निघालेल्या आणि तिथे असलेल्या इंजिनीअर पोरांच्या घरांत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. १६ मार्च हा दिवस कॅन्ससमध्ये भारतीय-अमेरिकी समाजाच्या सन्मानाचा दिवस म्हणून जाहीर करण्यात आला आणि ब्राउनबॅक यांनी त्या वेळी जखमी अभियंत्याची भेट घेतली.

त्यांच्या बचावात काय म्हणता येईल?

२०१४ नंतर खनिज तेल आणि धान्याचे भाव कोसळले. कॅन्ससची अर्थव्यवस्था या दोन्हींवर, शिवाय विचिटा येथील विमान उद्योगावर अवलंबून. तो मंदीतून सावरलाच नव्हता. बेरोजगारीचा दर कमी होता, हे ब्राउनबॅक वारंवार सांगत आणि ते खरे होते. त्यांच्या समर्थकांचा आणखी एक मुद्दा असा की कर कापले पण खर्च त्या प्रमाणात कापला नाही, म्हणून प्रयोग अर्धवट राहिला.

पहिल्या मुद्द्याला उत्तर शेजारीच आहे. नेब्रास्काही शेतीप्रधान, तिथेही धान्याचे भाव पडले. तरीही त्या काळात नेब्रास्काची वाढ कॅन्ससपेक्षा सरस राहिली. तेल आणि धान्य यांनी जखम खोल केली, पण केली नाही. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो मुद्दा मान्य केला तर ‘कपात स्वतःचा खर्च स्वतः भरून काढते’ हे मूळ आश्वासनच सोडून द्यावे लागते. शिवाय खर्च कापायचा कुठे? सर्वसाधारण निधीतील अर्ध्याच्या आसपास रक्कम शाळांकडे जाते आणि तिथे न्यायालय उभे होते.

मग पक्षातच बंड का झाले?

२०१४ मध्येच ठिणगी पडली होती. शंभराहून अधिक आजी-माजी रिपब्लिकन पदाधिकाऱ्यांनी डेमोक्रॅट उमेदवार पॉल डेव्हिस यांना पाठिंबा जाहीर केला. ब्राउनबॅक जिंकले, पण ५० टक्क्यांच्या किंचित खाली राहून. दोन वर्षांनी ते देशातील सर्वांत नापसंत गव्हर्नरांमध्ये गणले जाऊ लागले होते. २०१६ च्या प्रायमरीत त्यांच्या गटाचे अनेक आमदार पडले. शाळेच्या पालकसभेत ज्यांना रोज प्रश्न विचारले जात होते, असे मवाळ रिपब्लिकन परतले. २०१२ च्या ऑगस्टची ही अगदी उलटी आवृत्ती होती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये करवाढीचे पहिले विधेयक आले. ब्राउनबॅक यांनी ते रोखले. प्रतिनिधीगृहाने व्हेटो मोडला, सिनेटमध्ये मात्र तीन मते कमी पडली. जूनमध्ये ती तीन मते मिळाली. व्यवसायांची शून्य कराची सवलत संपली, सर्वोच्च दर टप्प्याटप्प्याने ५.७ टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत सुमारे १२० कोटी डॉलर उभे राहणार होते. प्रतिनिधीगृहात ८८ विरुद्ध ३१ मते पडली.

अर्थात हा मतदारांनी करांवर प्रेम जडल्यामुळे दिलेला कौल नव्हता. राज्याचा दरही २०१२ पूर्वीच्या पातळीवर नेलेला नाही.

पुढे काय झाले?

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ब्राउनबॅक यांना आंतरराष्ट्रीय धार्मिक स्वातंत्र्यविषयक विशेष राजदूत म्हणून नेमले. जानेवारी २०१८ मध्ये सिनेटमध्ये ४९-४९ अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या निर्णायक मताने नेमणूक पार पडली. पद सोडल्यावर झालेल्या पहिल्याच निवडणुकीत रिपब्लिकन बालेकिल्ल्यात डेमोक्रॅट लॉरा केली निवडून आल्या. त्यांचा प्रचारच ब्राउनबॅक यांच्या काळाकडे बोट दाखवून झाला. २०२२ मध्ये त्या पुन्हा जिंकल्या. किराण्यावरचा राज्याचा विक्रीकर त्यांच्या काळात टप्प्याटप्प्याने घटत १ जानेवारी २०२५ पासून शून्य झाला.

कॅन्ससने सवलत रद्द केल्यानंतर सहाच महिन्यांत, डिसेंबर २०१७ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ट्रम्प यांचा कर कायदा मंजूर केला. त्यात याच प्रकारच्या व्यावसायिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत वजावट देण्यात आली. शून्य करण्याइतके कोणी धाडस केले नाही, पण दिशा तीच. २०२५ मध्ये ती वजावट कायमस्वरूपी करण्यात आली.

मिसिसिपी राज्याने मार्च २०२५ मध्ये प्राप्तिकर टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला. त्या विधेयकात सिनेटने घातलेल्या अटींमध्ये दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडले होते. महसूल भरपूर वाढला तरच पुढची कपात, असे लिहायचे होते. प्रत्यक्षात किरकोळ वाढही पुरेल, असे लिहिले गेले. प्रतिनिधीगृहाला चूक दिसली, पण तिथल्या नेत्यांना हेच हवे होते. त्यांनी विधेयक आहे तसे मंजूर करून गव्हर्नरांकडे पाठवून दिले.

आणि कॅन्सस? एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने केली यांचा व्हेटो मोडून आणखी एक करकपात कायदा केला. प्राप्तिकराचा एकच दर ठेवून तो हळूहळू ४ टक्क्यांवर आणायचा आहे. म्हणजे ब्राउनबॅक यांच्या २०१२ च्या दरापेक्षाही खाली. या वेळी त्यात अटी घातल्या आहेत : महसूल महागाईच्या हिशेबाने ठरलेल्या पातळीच्या वर गेला आणि राज्याचा राखीव निधी पुरेसा भरलेला असला, तरच दर उतरेल. नाही तर आहे तिथेच राहील.